तिसरा थर

बस नेहमीप्रमाणे उशिरा होती. ते वाचनालयाच्या दाराशी, पुढे आलेल्या दगडी छज्ज्याच्या सावलीत उभे होते, आणि चपलेत शिरलेला खडा काढायला म्हणून एका पायावर उभे राहताना त्यांनी दाराजवळच्या खांबाला हात टेकला. एवढंच झालं. खडा निघाला, पाय पुन्हा चपलेत गेला, हात खाली आला, आणि तळहात खरखरला. पाहिलं तर हाताला वाळू लागली होती. धूळ नव्हे, वाळू. दोन्हींतला फरक न कळायला ते काही काल जन्मले नव्हते. चौतीस वर्षं दगडांची चाकरी करून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला भूशास्त्रज्ञ, बायकोच्या माहेरी ज्याला तोंडावर दगडोबा म्हणतात आणि जो त्या हाकेला हसून ओ देतो, असा माणूस. या वयात इतरांच्या खिशात गोळ्यांची डबी असते, यांच्या खिशात अजून भिंग होतं. ते त्यांनी डोळ्याला लावलं आणि तळहात जवळ नेला. कण गोल होते, एका मापाचे, साखरेएवढे, गारगोटीचे. आणि त्यांतला एकही तुटलेला नव्हता. सवयीनं त्यांनी दोन कण जिभेवर घेऊन दाताखाली धरले, कर्र वाजलं, आणि शेजारी उभी असलेली कॉलेजातली मुलगी दोन पावलं बाजूला सरकली. एरवी त्यांना हसू आलं असतं. त्यांनी वर पाहिलं. भिंतीचे दगड छिन्नीच्या खुणांसकट जसेच्या तसे होते. पण दाराचे दोन खांब आणि वरचा छज्जा यांच्या कडा गोलसर झाल्या होत्या, आणि छज्जा भिंतीत जिथे शिरत होता तिथे केसाएवढी एक चीर गेली होती. छज्ज्याखाली अकरा माणसं उभी होती. मोजायची नव्हती, मोजली गेली. बस आली, दहा जण चढले, आणि अकरावे ते स्वतः होते, ते तिथेच राहिले.

वाळू आपली आपण दगड होत नाही. तिला कुणीतरी धरून ठेवावं लागतं. हे वाक्य ते नव्यांना शिकवताना पहिल्याच दिवशी सांगायचे, आणि ते त्यांचं नव्हतं, त्यांच्या सरांचं होतं. दगड हातात आला की नाव घ्यायची घाई करू नका, सर म्हणायचे, दुरून डोंगर साजरे असतात ते बाकीच्या जगाला, आपण जवळ जायचं आणि फोडायचं. बाहेरची साल उन्हापावसानं खोटी झालेली असते. ताजा तुकडा काढा, भिंगाखाली धरा, कण केवढे, गोल की कोनदार, एका मापाचे की खिचडी, ते बघा. मग विचारा की यांना धरलंय कुणी. गारगोटीनंच धरलं असेल तर पिढ्यान् पिढ्या काळजी नाही. लोखंडाच्या गंजानं धरलं असेल तर रंगच सांगेल. मातीनं धरलं असेल तर पाण्यात घाला, विरघळून जाईल. आणि चुन्यानं धरलं असेल, तर तो दगड तुम्हाला फसवणार, कारण तोही टणक असतो, हातोड्याखाली तोही वाजतो. अ‍ॅसिडचा एक थेंब टाका, फसफसला तर चुना. डोंगरात तो हजारो वर्षं उभा राहील, पण शहराच्या धुरातलं पावसाचं पाणी त्याच्यावर पडलं की आतला चुना थोडा थोडा निघून जाणार, आणि एक दिवस वाळू पुन्हा वाळू होणार. तळहातावरचे कण अख्खे होते. ते तुटले नव्हते, सुटले होते. त्यांना जे धरून होतं ते सव्वीस वर्षांत निघून गेलं होतं, आणि ते काय होतं हे सांगायला आता अ‍ॅसिडचीही गरज नव्हती. त्यांनी हात रुमालाला पुसला नाही. मूठ मिटून ते जुन्या ऑफिसच्या दिशेनं चालू लागले.

सव्वीस वर्षांपूर्वी वाचनालयाचा दगड जिथून आला ती खाण तीन थरांची होती. खालचा जाड, मधला त्याहून जाड, आणि वर कमरेएवढा तिसरा. तिन्हींचा रंग एकच, फिकट, ओला केला की मधासारखा. तिन्हींत त्याच तिरक्या रेघा, कुठल्याशा जुन्या नदीनं वाळू टाकत नेल्याच्या. नदी कुठून कुठे वाहत होती ते रेघांवरून बोट फिरवून सांगता यायचं. वाचनालयासाठी इथला दगड चालेल की नाही, एवढं त्यांनी सांगायचं होतं. नोकरीची अकरा वर्षं झाली होती, वय पस्तीस, आणि त्यांच्या फील्डबुकची ऑफिसात ख्याती होती. त्यात मोकळी जागा नसे. रंग, कण, सांधा, पाणी, अ‍ॅसिड, थराचा कल, प्रत्येक रकाना भरलेला, अक्षर मोत्यांसारखं, खाडाखोड नाही. साहेब ते बुक उघडून दुसऱ्यांना दाखवायचे आणि हे मान खाली घालून उभे राहायचे, आतून फुललेले. त्या दिवशी दुपारपर्यंत खालचे दोन थर झाले होते. दोन्हींवर थेंब नुसता बसून राहिला होता, पाण्यासारखा. अडीचच्या सुमाराला पोस्टातला माणूस सायकल ढकलत खाणीत आला. घरून फोन होता. बायकोला दवाखान्यात नेलंय, दोन महिने आधीच मुलगी झालीय, लगेच निघा. फाट्यावर तीन दहाची बस होती, तिथवर अर्ध्या तासाची चाल. त्यांनी घाईघाईनं वरच्या थराचा एक तुकडा फोडला. हातोडा छान वाजला. भिंगाखाली कणांच्या मधून मोठाले सपाट तुकडे चकाकले. गारगोटी अशी सपाट चकाकत नाही, चुना चकाकतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. ते त्यांना दिसलं होतं, याबद्दल त्यांनी स्वतःशी कधी खोटेपणा केला नाही. दिसलं होतं आणि त्यांनी भिंग मिटलं होतं. अ‍ॅसिडची बाटली काढली तर ती रिकामी. झाकणाला तडा गेला होता आणि पिशवीचा तळ जळला होता. दुसरी बाटली मुक्कामावर, तासाभराच्या वाटेवर. त्यांनी बुक मांडीवर घेतलं आणि त्याच मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलं: तिसरा थर. अ‍ॅसिड: फसफसत नाही. खाली, निघायची वेळ लिहायची रोजची सवय होती म्हणून, लिहिलं: ३.१० ची बस. आणि धावत सुटले.

ते साडेपाचला पोचले आणि मुलगी सव्वासातला गेली. पावणेदोन तास. नर्सनं ती त्यांच्या हातात दिली तेव्हा तिचं वजन, खरं सांगायचं तर, नमुन्याच्या पिशवीपेक्षा कमी होतं, आणि तसा विचार मनात आला म्हणून त्यांना स्वतःची शिसारी आली होती. ती श्वास घेते आहे की नाही हे दिसत नव्हतं. कान अगदी तिच्या तोंडाशी न्यावा लागे, मग बारीकसा आवाज यायचा. ते पुन्हा पुन्हा कान नेत राहिले. नाव ठेवलेलंच नव्हतं, त्यामुळे हाक मारता आली नाही. पुढे मूल झालं नाही. बायकोनं त्या दिवसातून एकच गोष्ट वाचवून ठेवली आणि ती ती वर्षानुवर्षं सांगत आली, नणंदांना, शेजारणींना, सांत्वनाला आलेल्या आणि सांत्वन करायला ती स्वतः गेलेल्या बायकांना: "यांचं काम त्या दिवशी लवकर आटोपलं, म्हणून पोरीनं बापाचं तोंड तरी पाहिलं. नाहीतर यांचं काम कधी लवकर आटोपलंय का?" शेवटच्या वाक्याला ती थोडी हसायची. ते त्या वेळी खोलीत असले तर खिडकीशी जाऊन उभे राहायचे, आणि लोकांना वाटायचं, बिचाऱ्याला अजून सोसत नाही. चोराच्या मनात चांदणं. सोसत नव्हतं हे खरं, पण जे सोसत नव्हतं ते वेगळंच होतं. त्यांनी आपल्या मनाशी एक हिशेब पक्का बसवून टाकला होता, की ती एक ओळ खोटी लिहिली म्हणून ते पावणेदोन तास मिळाले, आणि पुन्हा तसाच प्रसंग आला तर आपण पुन्हा तसंच लिहू. असं म्हटलं की छाती थोडी मोकळी व्हायची. सव्वीस वर्षं ते त्यावर भागवत आले होते.

इमारतींची देखभाल पाहणारी इंजिनियर एके काळी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. आता केस पांढरे झाले होते, पण सर आले म्हणताच ती खुर्चीवरून उठली. "फोन करायचा सर, तुम्ही कशाला पायपीट केलीत?" त्यांनी मूठ उघडून तिच्या टेबलावर वाळू सांडली. सगळी काही सांडली नाही, घामानं थोडी चिकटून राहिली. "वाचनालयाचे खांब सुटतायत," ते म्हणाले, "आणि छज्जा. छज्ज्याखाली माणसं उभी राहतात."

"पाहिलंय आम्ही सर. तो बाहेरचा सल्लागार तर म्हणत होता, छज्जा उतरवूनच टाका. पण मी तुमचं फील्डबुक काढलं ना." तिनं खण उघडला. बुक तेच होतं, हिरव्या कापडाचं, कोपऱ्यावर घामाचा डाग तोच. "हे बघा. तिन्ही थर, फसफसत नाही. चुनाच नाही म्हटल्यावर आतून कशाला जातंय? वरवरचं आहे. पुढच्या आठवड्यात लेप मारून घेतेय. सल्लागाराला मी म्हटलं, या माणसानं लिहिलंय म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ."

त्यांनी बुकाला हात लावला नाही. "एकदा थेंब टाकून बघायला हरकत नव्हती."

"तुमच्यावर अविश्वास दाखवू होय?" ती हसली, मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. "फार तर काय झालं असेल सर, कंत्राटदारानं खांबांना दुसऱ्या कुठल्या खाणीतला दगड घुसवला असेल. तसाच होता तो. आता वारला, त्याला कोण विचारणार?"

"असेल," ते म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि तो काही परत घेता येईना. असेल. किती सहज निघाला. सव्वीस वर्षांपूर्वी खाणीत बसून लिहिताना जसा हात थरथरला नव्हता, तशी आज जीभही अडली नाही. ते जिना उतरू लागले. कठड्याला धरावं म्हणून हात पुढे केला आणि मागे घेतला. एका माणसाला त्यांनी आयुष्यभर ओळखलं होतं, नीटनेटका, कमी बोलणारा, एकदाच आणि फार मोठ्या दुःखात चुकलेला; तो माणूस जिन्यातच कुठेतरी मागे राहिला होता. खाली उतरला तो दुसराच कुणी, ज्याला मेलेल्याचं नाव पुढे करताना अर्धा क्षणही लागला नव्हता. आपल्याला बाहेरची सालच दिसत होती की काय, त्यांच्या मनात आलं. बस त्यांच्यासमोरून तीन वेळा गेली. घरी पोचायला दिवेलागण झाली.

बायको स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून डबे पुसत होती. चेहरा पाहून ती म्हणाली, "अहो, काय झालं? चहा टाकू?" ते नको म्हणाले आणि स्टुलावर बसले. उठून हात धुवावे असं त्यांना वाटलं, नाही धुतले. मग त्यांनी सांगितलं. खांबापासून सुरुवात केली, छज्ज्यापर्यंत आले, चिरीपर्यंत, फील्डबुकपर्यंत, कंत्राटदाराबद्दल म्हटलेल्या 'असेल'पर्यंत. दगडाचं बोलणं सोपं होतं. रिकाम्या बाटलीपाशी येऊन ते थांबले. तिनं फडकं खाली ठेवलं.

"तू सांगतेस ना, माझं काम त्या दिवशी लवकर आटोपलं," ते म्हणाले. "आटोपलं नव्हतं. तिसरा थर मी तपासलाच नाही. तपासला असं लिहिलं आणि निघून आलो. ते खोटं लिहिलं म्हणून मी तुमच्यापाशी पोचलो. म्हणून ती मला भेटली."

नळ बारीक गळत होता, तो बायकोनं घट्ट केला. त्यांना वाटलं, आता ती रडेल, किंवा म्हणेल की मला कशाला सांगितलंत. तिच्याजवळ त्या दिवसातलं एवढंच काय ते होतं आणि ते आपण तिच्याकडून काढून घेतलं. दोन्हींची त्यांनी तयारी करून ठेवली होती. तिनं विचारलं ते तिसरंच होतं.

"तपासलं नसलं की काय लिहितात?"

"म्हणजे?"

"म्हणजे वेळ नाही मिळाला, बाटली सांडली, काही झालं. तुमच्यात काय लिहायची पद्धत आहे?"

"तपासले नाही, असं लिहितात," ते म्हणाले. त्यांच्या जुन्या सरांचा आवाज त्यांना स्पष्ट आठवला: पाहिलं नसेल तर पाहिलं नाही म्हणून लिहा, त्यात लाज नाही.

"मग ते लिहून बस मिळाली नसती?"

दोन शब्द. फसफसत नाही, हेही दोन आणि तपासले नाही, हेही दोनच. तीच शाई, तोच वेळ, तीच बस. सव्वीस वर्षांत हे त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. की सुचू दिलं नव्हतं?

"मिळाली असती," ते म्हणाले.

"मग का नाही लिहिलंत?"

उत्तर घशाशी तयारच होतं, इतकी वर्षं तिथे बसून असलेलं. "बुकात कधी मोकळी जागा नव्हती," ते म्हणाले. "साहेब सगळ्यांना दाखवायचे. बाटली सांडली हे कसं लिहू? नवशिक्याची चूक ती."

"एवढंच?"

"एवढंच."

ती खाली बसली, जमिनीवरच, ओट्याला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. चिडली होती, चिडली की तिचा आवाज चढत नसे, बसत असे. "मग माझ्या पोरीचं नाव त्यात कशाला घेता? एक दिवसही जगली नाही ती. त्यात तिनं कुणाचं काय वाईट केलं? तुमचं खोटं तिच्यामुळे नव्हतं. तुम्ही इतकी वर्षं ते तिच्या माथी मारत आलात, आणि आज त्या कंत्राटदाराच्या. बोलायला येत नाहीत अशी माणसं बरी सापडतात तुम्हाला."

मग ती रडली. तेही रडले, तोंडावर हात धरून, आणि दाताखाली पुन्हा कर्र वाजलं. तळहातावर वाळू अजून होतीच. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "उद्या सकाळी उठून जा, आणि सांगा. लोक उभे असतात तिथे." आणि आणखी थोड्या वेळानं, "मीही येते."

सकाळी बायकोला घेऊन ते वाचनालयाशी पोचले, तर इंजिनियरच आधी येऊन थांबली होती. त्यांनी फोनवर फक्त बुक आणि अ‍ॅसिड घेऊन ये, असं सांगितलं होतं. छज्ज्याखाली नेहमीची माणसं होती, वर्तमानपत्र वाचणारा एक, दोन मुली, टिफिनची पिशवी घेतलेला एक माणूस. त्यांनी आधी सगळ्यांना बाहेर काढलं. "जरा उन्हात उभे राहा," ते म्हणाले, "हा दगड धड नाही." टिफिनवाला कुरकुरला, बायकोनं त्याला हाताला धरून रस्त्याच्या पलीकडे नेलं. मग त्यांनी खांबाचा एक टवका हातोड्यानं उडवला, ताज्या जागेवर भिंग धरलं, आणि तेच सपाट चकाकणारे तुकडे दिसले, आतल्या दगडात अजून शिल्लक राहिलेले, खाणीत दिसले होते तसेच. त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं. थेंब पडला. डोळ्यांना आधी काही कळेना, पाणी येत होतं. म्हणून त्यांनी कान दगडाजवळ नेला, अगदी जवळ, आणि श्वास रोखून ऐकलं. बारीक आवाज येत होता. तो थांबेपर्यंत ते तसेच वाकून राहिले.

"सर, फसफसतंय," इंजिनियर म्हणाली. "म्हणजे कंत्राटदारानंच..."

"कंत्राटदारानं काही केलेलं नाही," ते म्हणाले. "हा दगड त्याच खाणीतला आहे, तिसऱ्या थराचा. मी तो तपासला नव्हता. तपासला म्हणून लिहिलं. काल तुझ्यापुढे असेल म्हणालो, तेही खोटं होतं." इंजिनियरच्या चेहऱ्यावरून काय उतरून गेलं ते त्यांनी नीट पाहिलं, नजर न वळवता. तेवढं तरी पाहणं भाग होतं. मग तिनं मुकाट्यानं बुक पुढे केलं आणि फोन काढून छज्जा उतरवायला माणसं बोलावू लागली. आजच, ती फोनवर म्हणत होती, आजच्या आज.

फील्डबुकात खोडत नाहीत. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खरं लिहून सही करायची, तारीख घालायची. कुणी, कधी, काय चुकलं होतं ते पुढच्याला कळलं पाहिजे. ती वेळ त्यांच्यावर एकदाही आली नव्हती. त्यांनी रस्त्याच्या पलीकडे, उन्हात, कट्ट्यावर बसून बुक मांडीवर घेतलं. बायको शेजारी टेकली. फसफसत नाही, यावर त्यांनी एक रेघ मारली. शेजारी लिहिलं: तेव्हा तपासले नाही. आज तपासले. फसफसते. अक्षर वाकडं आलं. सही केली, तारीख घातली. पेन अजून हातात होतं, आणि ते नकळत खालच्या ओळीकडे वळलं.

बायकोनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "ही काय?"

"निघायची वेळ. तीन दहाची बस."

"ही खरी आहे?"

"हो."

"मग हिला हात लावू नका," ती म्हणाली, आणि बोट तिथेच ठेवून बसून राहिली.